पालापाचोळ्यातले गोल्फ

गोल्फच्या नियमांचा पाया ज्या भूमीवर घातला गेला, तेथे झाडे जवळजवळ नव्हतीच. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांचा व खुरट्या गवताचा जो पट्टा असतो, त्याला ‘लिंक्स’ म्हणतात. ही जमीन शेतीला निरुपयोगी, मेंढ्या चरत असल्याने तिच्यावरचे गवत आपोआप आखूड राहणारे आणि खारा वारा इतका जोराचा की मोठा वृक्ष तेथे सहसा तग धरत नाही. १७४४ साली एडिंबरोच्या गोल्फपटूंनी लीथ येथील अशाच मैदानावरील स्पर्धेसाठी जे तेरा नियम लिहून काढले, ते या खेळाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लिखित नियम होत. त्यांत चिखलपाणी, दगड, हाडे, चर, घोडा आणि कुत्रा यांचा उल्लेख आहे; झाडाच्या पानांचा मात्र कोठेही नाही. चेंडू हरवला तर काय करायचे हेही त्यांत स्पष्ट सांगितले आहे : खेळाडूने मागचा फटका जेथून मारला त्या जागी परत जावे, दुसरा चेंडू टाकावा आणि या दुर्दैवाबद्दल प्रतिस्पर्ध्याला एक फटका बहाल करावा. पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली तरी हा नियम सारतः तसाच टिकून आहे. आजच्या परिभाषेत त्याला ‘फटका आणि अंतर’ यांचा दंड म्हणतात, कारण खेळाडू त्यात एक फटकाही गमावतो आणि चेंडूने कापलेले अंतरही.

या कठोर दंडामागे एक साधे गृहीतक आहे. उघड्या मैदानावर चेंडू हरवतो तो बहुधा फटका चुकल्यामुळे, म्हणजे चेंडू उंच गवतात, झुडपांत किंवा पाण्यात गेल्यामुळे. आणि चुकलेल्या फटक्याची किंमत मोजावी लागणे यात अन्याय काही नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात हा खेळ किनारा सोडून आतल्या भागात शिरला, गवत कापण्याच्या यंत्राने कोणतीही जमीन मैदानाजोगी करता येऊ लागली आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात तर रानाच्या कडेने, कधी रान तोडून, गोल्फची मैदाने आखली गेली. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील व्हॅन कोर्टलँड उद्यानात १८९५ साली सुरू झालेले मैदान हे अमेरिकेतील पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान. तेही ओकच्या झाडीला लागूनच आहे. विसाव्या शतकात अनेक क्लबांनी एका होलचा पट्टा दुसऱ्यापासून वेगळा दिसावा म्हणून स्वतःहून झाडांच्या रांगा लावल्या. परिणाम असा झाला की ऑक्टोबरच्या उत्तरार्धात न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, ओहायो, मिशिगन या राज्यांत फेअरवेच्या, म्हणजे सुरुवातीची जागा आणि होलभोवतीचे ग्रीन यांच्यामध्ये आखूड कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, अगदी मधोमध पडलेला चेंडूही सापडेनासा होतो. फटका निर्दोष असतो, चेंडू कोठे पडला हे एकत्र खेळणाऱ्या चौघांनी पाहिलेले असते, आणि तरीही तो हरवतो. लीथच्या नियमकर्त्यांनी ज्याची कल्पनाही केली नसेल अशी ही परिस्थिती आहे, आणि पानगळीतल्या हौशी गोल्फचे सारे प्रश्न तिच्यातून निघतात.

या प्रदेशातील पानगळ इतक्या कमी दिवसांत आणि इतकी दाट का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. मेपल, बर्च, ॲश, ओक या रुंद पानांच्या झाडांना हिवाळ्याची चाहूल मुख्यतः दिवसाच्या घटत्या लांबीवरून लागते. थंड रात्री त्या बदलाला वेग देतात. पानातील हरितद्रव्य मोडू लागते आणि त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांचा सुमारे निम्मा भाग झाड परत ओढून खोडात व मुळांत साठवते. हिरवा रंग ओसरला की पानात आधीपासूनच असलेली पिवळी व नारिंगी रंगद्रव्ये उघडी पडतात. तांबड्या मेपलच्या पानांतला लाल रंग मात्र त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. दरम्यान देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर सैल होत जातो, त्याच्या आतल्या बाजूला फांदीची जखम बंद करणारा संरक्षक थर तयार होतो आणि मग एखाद्या पावसाळी, वाऱ्याच्या दिवशी पाने एकदम खाली येतात. सगळी झाडे एकाच वेळी मोकळी होतात असे मात्र नाही. ओक आणि बीच यांची, विशेषतः तरुण झाडांची, वाळलेली पाने फांदीला चिकटून राहतात आणि हिवाळाभर, कधी वसंतापर्यंत थोडी थोडी गळत राहतात. म्हणून ज्या मैदानावर मेपल अधिक, तेथे पाचोळ्याचे संकट तीव्र पण अल्पायुषी असते, आणि जेथे ओक अधिक तेथे ते रेंगाळते.

महाराष्ट्रातील वाचकाच्या परिचयाची पानगळ याहून वेगळी आहे. साग किंवा पळस यांची पाने गळतात ती थंडीच्या धास्तीने नव्हे, तर पावसाळा संपून काही महिने झाल्यावर जमिनीतील ओल आटू लागते म्हणून. शिवाय येथे प्रत्येक जातीचे झाड बरेचसे आपापल्या वेळेने मोकळे होते. त्यामुळे पुण्याच्या किंवा नाशिकच्या मैदानावर खेळणाऱ्याला अधूनमधून पाने बाजूला सारावी लागतात. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला मात्र सारे फेअरवेच पानांखाली गेलेले पाहावे लागते.

गोल्फच्या चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असावा आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे बंधन आहे. शर्करा मेपलचे एक पान सहज दहा-पंधरा सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे चेंडू पूर्ण झाकायला एकच पान पुरते. त्यातही कोरडा पाचोळा आणि ओला पाचोळा यांचे स्वभाव निराळे. कोरड्या, कुरकुरीत पानांच्या ढिगात वरून आलेला चेंडू आत शिरतो, वरची पाने पुन्हा त्याच्यावर पडतात आणि पृष्ठभागावर काही खूण राहत नाही. ओली पाने जमिनीला चिकटून बसतात, तेव्हा चेंडू वर राहण्याची शक्यता अधिक असते, पण चेंडू आणि गोल्फची काठी यांच्यामध्ये ओले पान आले की घर्षण कमी होते, चेंडूला मिळणारी फिरकी घटते आणि तो किती दूर जाईल व पडल्यावर किती घरंगळेल याचा अंदाज उरत नाही. रंगाचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्यात उठून दिसणारा पिवळा चेंडू बर्च आणि मेपल यांच्या पिवळ्या पानांत हरवतो, नारिंगी चेंडूची गत तीच होते, आणि पांढऱ्या चेंडूला उलटी पडलेली, पोटाकडून फिकट दिसणारी पाने फसवतात. पाचोळ्यात ज्या रंगाचे पान नसते तो रंग, उदाहरणार्थ भडक गुलाबी, या महिनाभरासाठी सर्वांत सोयीचा. तरीही रंगापेक्षा मोठी मदत नजरेची होते. चेंडू हवेत असताना त्याच्या रेषेत दूरवरचे एखादे ठळक झाड हेरून ठेवणे आणि चौघांपैकी प्रत्येकाने इतर तिघांच्या फटक्यांवर लक्ष ठेवणे, हे पानगळीच्या दिवसांत सौजन्य राहत नाही, गरज बनते.

शोधायला वेळही फार नसतो. गोल्फचे नियम स्कॉटलंडमधील ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेतील ‘यूएसजीए’ या दोन संस्था मिळून ठरवतात. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या मोठ्या फेररचनेत त्यांनी शोधाचा अवधी पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणला. खेळाडू किंवा त्याची पिशवी वाहणारा कॅडी शोधू लागल्यापासून तीन मिनिटांत चेंडू सापडला नाही, तर तो हरवला असे धरले जाते. याच फेररचनेने पाचोळ्यातील खेळाडूला दिलासाही दिला. शोधताना पायाने किंवा काठीने चुकून चेंडू हलला तर आता दंड नाही. तो मूळ जागी, जागा नक्की माहीत नसेल तर अंदाजाने, परत ठेवायचा एवढेच. मात्र चेंडू एकदा सापडल्यानंतर त्याच्याभोवतीची पाने काढताना तो हलला, तर तो परत ठेवावा लागतोच, शिवाय एक फटका दंडही बसतो. याला अपवाद ग्रीनचा, म्हणजे होलच्या भोवतीच्या अतिशय बारीक कापलेल्या गवताचा. तेथे पाने दूर करताना चेंडू हलला तरी दंड नाही. हौशी खेळाडूंत या फरकाबद्दल फार गोंधळ असतो. शोधणे आणि साफ करणे या नियमांच्या दृष्टीने दोन वेगळ्या कृती आहेत, एवढे ध्यानात ठेवले की गोंधळ मिटतो.

गळलेले पान, तुटलेली काटकी, सुटा दगड यांना नियमांत ‘सुटे नैसर्गिक अडथळे’ मानले जाते आणि ते काढून टाकण्याची मुभा आज मैदानावर सर्वत्र आहे. २०१९ पूर्वी ती तशी नव्हती. वाळूचा खड्डा म्हणजे बंकर आणि पाण्याच्या अडथळ्याचा आखलेला भाग यांत चेंडू असेल, तर तेथील सुट्या पानाला फटक्याआधी हलवणेही निषिद्ध होते. ऑगस्ट २०१२ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील किआवा बेटावर झालेल्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेच्या अखेरच्या फेरीत स्वीडनच्या कार्ल पेटरसन यांचा चेंडू पहिल्याच होलवर अशा आखलेल्या भागात गेला, फटक्यासाठी काठी मागे नेताना तिने एक पान हलले आणि त्यांना दोन फटक्यांचा दंड झाला. ते संयुक्त तिसऱ्या स्थानावर राहिले. हे दोन फटके नसते तर त्यांना एकट्याने दुसरे स्थान मिळाले असते. एका सुट्या पानाने एवढे नुकसान व्हावे हे त्या वेळीही अनेकांना खटकले होते, आणि आजच्या नियमांनुसार तो दंड झालाच नसता.

परंतु चेंडू सापडलाच नाही तर काय, हा मूळ प्रश्न यातून सुटत नाही. त्याचे उत्तर नियमपुस्तकातील एका आदर्श स्थानिक नियमात आहे. स्थानिक नियम म्हणजे एखाद्या मैदानाच्या समितीने तेथील परिस्थिती पाहून लागू करावयाचा नियम. त्यांचे नमुने नियमकर्त्या संस्थांनीच तयार करून दिले आहेत. त्यांतील एका नमुन्यानुसार वर्षाच्या ठराविक काळात साचणारे पानांचे, बियांचे किंवा ओकच्या फळांचे ढीग समितीला ‘दुरुस्तीखालील जमीन’ म्हणून जाहीर करता येतात. असे जाहीर झाले की त्या ढिगातून खेळाडूला विनादंड सुटका मिळते; म्हणजे अडथळा संपतो असे जवळचे ठिकाण शोधून, तेथून एका काठीच्या लांबीच्या आत, होलच्या अधिक जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा. चेंडू सापडला नसला तरी ही सुटका मिळू शकते. तेव्हा चेंडू पाचोळ्याच्या क्षेत्रात जेथून शिरला असावा ती जागा आधार मानली जाते. अट एकच : चेंडू त्या पाचोळ्यातच आहे हे ठाऊक असले पाहिजे किंवा जवळजवळ निश्चित असले पाहिजे. ‘जवळजवळ निश्चित’ याचीही नियमांनी व्याख्या केली असून, उपलब्ध सर्व माहितीवरून ती शक्यता किमान ९५ टक्के असावी लागते. ही अटच या नियमाला न्याय्य बनवते. शेजारी ओढा असेल, दाट झुडपे असतील किंवा चेंडू कोठे पडला हे कोणीच पाहिले नसेल, तर पाने कितीही असोत, सुटका मागता येत नाही. समितीनेही हा नियम जेथे अडचण खरोखर आहे तेवढ्याच होलपुरता ठेवावा आणि पाचोळा सरला की मागे घ्यावा, अशी अपेक्षा आहे. मैदानाच्या कामगारांनी उचलून नेण्यासाठी रचून ठेवलेले पानांचे ढीग मात्र कोणत्याही स्थानिक नियमाशिवायच दुरुस्तीखालील जमीन ठरतात.

आठवड्याच्या सुट्टीत मित्रांबरोबर सार्वजनिक मैदानावर खेळणाऱ्यांनी या लिखित नियमाची वाट पाहिलेली नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात ‘लीफ रूल’, म्हणजे पानांचा नियम, या नावाने एक रिवाज रूढ आहे : चेंडू चांगल्या जागी पडलेला सर्वांनी पाहिला आणि तो पानांत सापडला नाही, तर त्याच्या अंदाजे ठिकाणी दुसरा चेंडू टाकून दंडाविना पुढे खेळावे. नियमनिष्ठ खेळाडू याकडे सवलत म्हणून नाक मुरडतात, पण तो दोष अनाठायी आहे. गोल्फमध्ये बहुतेक वेळा पंच नसतो, खेळाडूने स्वतःच स्वतःवर दंड लावायचा असतो, आणि पानांचा रिवाज याच प्रामाणिकपणावर उभा आहे. समितीचा नियम जे ९५ टक्क्यांच्या भाषेत सांगतो, तेच हा रिवाज चौघांच्या संमतीने साधतो. तो बिघडतो तेव्हा, जेव्हा फेअरवे सोडून रानात भरकटलेल्या चेंडूसाठीही पानांची सबब पुढे केली जाते. म्हणून संमती आधी, पहिल्या फटक्यापूर्वी झालेली बरी. चेंडू हरवल्यानंतर केलेल्या वाटाघाटीत ज्याचा चेंडू हरवला त्याचा स्वार्थ आणि इतरांचा संकोच दोन्ही मिसळतात.

हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूच्या कौशल्यानुसार त्याला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचा, हिशेब मात्र या रिवाजावर चालवता येत नाही, कारण त्यासाठीची गुणसंख्या गोल्फच्या नियमांनुसार खेळून मिळवलेली असावी लागते. २०२० पासून जगभर लागू झालेल्या हँडिकॅप पद्धतीत थंड प्रदेशांसाठी ‘निष्क्रिय हंगाम’ ही सोय आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडील अनेक राज्यांत साधारण नोव्हेंबरमध्ये तो सुरू होतो आणि वसंतापर्यंत तेथे खेळलेल्या फेऱ्या हिशेबात धरल्या जात नाहीत. पानगळीचा उत्तरार्ध अशा रीतीने आकड्यांच्या जाचातून मोकळा होतो. या दिवसांत खेळाची पद्धतही बदलून पाहण्यासारखी आहे. एकूण फटके मोजण्याऐवजी होलगणिक जय-पराजय ठरवला, तर हरवलेल्या चेंडूने फार तर एक होल जातो. फ्रँक स्टेबलफोर्ड या इंग्लंडमधील डॉक्टरांनी रचलेल्या आणि १९३२ साली वॉलसी येथील क्लबवर वापरात आलेल्या गुणपद्धतीत प्रत्येक होलला स्वतंत्र गुण मिळतात. वाईट होलला शून्य गुण घेऊन पुढे जाता येते. कित्येक क्लब पानगळीत चौघांनी फटके मारायचे आणि त्यांतल्या उत्तम चेंडूपासून सर्वांनी पुढे खेळायचे, अशा ‘स्क्रॅम्बल’ पद्धतीचे सामने भरवतात. तेथे एखादा चेंडू हरवल्याची कोणाला खंतही वाटत नाही.

मैदान राखणाऱ्यांसाठी हेच आठवडे सर्वांत कष्टाचे असतात. या प्रदेशातील मैदानांवर बेंटग्रास, ब्लूग्रास, रायग्रास अशी थंड हवामानाची गवते असतात. शरदात ती पुन्हा जोमाने वाढत असतात आणि त्यांना उन्हाची गरज असते. पाचोळ्याचा थर बसला की ऊन अडते, ओल कोंडते आणि बर्फाखाली वाढणाऱ्या बुरशीला आयते घर मिळते. म्हणून पहाटेपासून ट्रॅक्टरला जोडलेल्या मोठ्या पंख्यांनी पाने कडेच्या रानात लोटली जातात, आणि दुपारच्या वाऱ्याने त्यांतली बरीचशी परत येतात. अलीकडे पाने उचलण्याऐवजी गवत कापण्याच्या यंत्राने त्यांचा बारीक चुरा करून तो तेथेच मुरवण्याकडे कल वाढला आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्रयोगांत असा चुरा गवताला अपायकारक ठरला नाही. उलट मेपलच्या चुऱ्याने डँडेलियन या तणाचे प्रमाण घटल्याचे दिसले. पाने जाळण्यापेक्षा किंवा वाहून नेण्यापेक्षा ही रीत सर्व बाजूंनी हिताची आहे.

याच काळात सकाळी मैदान उशिरा उघडते, त्याचे कारण दवाचे गोठणे. गवताच्या पात्यांतील पाणी गोठलेले असताना त्यावर पाऊल पडले की आतल्या पेशींची आवरणे फाटतात आणि काही दिवसांनी तेथे पावलांचे तपकिरी ठसे उमटतात. दहिवर वितळेपर्यंत थांबणे म्हणूनच आवश्यक असते. उशिरा सुरुवात करून लवकर संपवणेही भाग पडते, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेली की न्यू यॉर्कमध्ये पाच वाजण्याच्या आत सूर्य मावळतो आणि अठरा होलांना चार तासांहून अधिक वेळ लागतो. नऊ होलांची फेरी या दिवसांत अधिक शहाणपणाची. थंडीचा परिणाम फटक्यावरही होतो. तापमान ३० अंश सेल्सिअसवरून ५ अंशांवर आले की हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, थंड चेंडूची लवचीकताही कमी होते, त्यामुळे तोच फटका आखूड पडतो; मात्र यावर उपाय म्हणून चेंडू मुद्दाम तापवून मारणे नियमबाह्य आहे.

काही क्लबांनी प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. पेनसिल्व्हेनियातील ओकमाँट येथे १९०३ मध्ये हेन्री फाउन्स यांनी उघड्या जमिनीवर आखलेले मैदान पुढे झाडांनी भरून गेले होते. १९९० च्या दशकापासून तेथील हजारो झाडे तोडण्यात आली, आणि सभासदांचा विरोध टाळण्यासाठी सुरुवातीची तोड पहाटेच्या अंधारात करण्यात आली. मूळ आराखडा परत आणण्याचा तो निर्णय त्या मैदानापुरता समर्थनीय असेल, परंतु शहरातील सार्वजनिक उद्यानांतल्या मैदानांना तो लागू करणे चूक ठरेल. तेथील वृक्ष केवळ गोल्फ खेळणाऱ्यांचे नाहीत, आणि वर्षातील चार-पाच आठवडे पानांत चेंडू शोधावा लागणे ही त्यांच्या सावलीची फार मोठी किंमतही नाही. अशा मैदानावर पानगळीत खेळायला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी क्लबच्या फलकावर पानांसंबंधीचा स्थानिक नियम लागू आहे का ते पाहावे. नसेल तर पहिल्या फटक्यापूर्वी सोबत्यांशी बोलून तो ठरवावा, आणि खिशात नेहमीपेक्षा दोन चेंडू जास्त ठेवावेत.